नऊ नंबरची गाडी

थर्मन क्लॉट्झ दुकानात नवी पेन्सिल घ्यायला येतो तेव्हा घरी जाईपर्यंतसुद्धा त्याला दम निघत नाही. काउंटरवरच खिशातला चाकू काढतो, पेन्सिलीच्या मागचा गुलाबी रबर कापतो, आणि तो तुकडा माझ्यापुढे सारून चालू लागतो. दुकान माझ्या मामाचं, हार्डवेअरचं, आणि काउंटरवर मी. असे तुकडे मी एका बरणीत टाकत आलोय. अगदी सुरुवातीला एकदा मी विचारायचा शहाणपणा केला होता.

"मिस्टर क्लॉट्झ, रबरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"ज्यांना चुकायचं असतं त्यांच्यासाठी असतो तो," थर्मन म्हणाला. "तू ठेव. तुझं गणित मला माहीत आहे."

माझं गणित सगळ्या गावालाच माहीत आहे, कारण शिकवणारी बाई त्याची मेव्हणी. तेव्हापासून मी फक्त पैसे घेतो आणि तुकडा बरणीत टाकतो.

आमचं लोन एल्म आयोवात, जिथे रूळ संपायचे तिथे आहे. आता रूळ नाहीत. ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं ते एल्मचं झाडही कधीच वाळून गेलं. रुळांच्या जागी सायकलींसाठी वाट केलीय, तिच्यावर सायकलीही नसतात. पण एके काळी कॅरिकहून आमच्यापर्यंत गाडी यायची आणि तिला टपालाचा एक डबा असायचा. डब्यात एक कारकून उभा. गाडी पळत असताना तो पत्रं खणांत लावायचा आणि तिकिटांवर आपला शिक्का मारायचा. त्या ठशात गावाचं नाव नसायचं, मार्गाचं असायचं: 'कॅरिक आणि लोन एल्म'. मधोमध तारीख आणि खाली गाडीचा नंबर. अशी पाकिटं जपणारे लोक देशभर आहेत. आमच्या गावात त्यांचं एक मंडळ आहे, आणि महिन्यातून एका मंगळवारी ते लुथरन चर्चच्या तळघरात भांडायला जमतं.

गाडी हलायची, त्यामुळे ठसे कधी नीट उठलेच नाहीत. निम्मं वर्तुळ, तीन अक्षरं, एक काळा डाग, एवढ्यावरून मार्ग कोणता, साल कोणतं, कारकून कोण हे ओळखायचं असतं. थर्मन ते ओळखतो. पाकीट घेतो, भिंग लावतो, नाकातून एक आवाज काढतो आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत निकाल लिहितो. पुढे आपली आद्याक्षरं घालतो, 'टी. के.'. मंडळाच्या लोकांचा असा समज आहे, आणि मला वाटतं तो खरा आहे, की मिनेसोटापर्यंतच्या प्रदर्शनांत पाकीट उलटं करून 'टी. के.' दिसलं की पुढे कोणी बोलत नाही. ते पुसायची वेळ आयुष्यात कधी आली नाही असं तो सांगतो. म्हणून तो रबर कापून टाकतो.

हा स्वभाव त्याच्यात काट्यावरून आला असावा. निवृत्त होईपर्यंत तो गावच्या धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं करायचा. थर्मनने सांगितलं ते वजन. एका शेतकऱ्याने एकदा 'पुन्हा बघ की जरा' म्हटलं, तर थर्मनने पुन्हा बघितलं, आकडा तोच सांगितला, आणि पुढच्या सुगीला त्या माणसाचा ट्रक रांगेत असा काही अडकत राहिला, की शेवटी तो दुसऱ्या गावच्या कोठाराला मका घालायला लागला. थर्मनचा मुलगा ॲरिझोनात असतो आणि तिथेच असलेला बरा असं दोघांचंही मत आहे. बायको लिओना वारली तेव्हा लोकांची सांत्वनाची कार्डं आली, तर थर्मन म्हणे खुर्चीत बसून त्या पाकिटांवरचे ठसे वाचत होता. मी तिथे नव्हतो. पण ऐकल्यावर मला खोटंही वाटलं नाही.

आता अर्डिस होव्हलँड. अर्डिसने निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली. गावातला पन्नाशीच्या आतला एकूण एक माणूस तिने ड्रायव्हरच्या आरशातून पाहिलेला आहे, आणि त्याच्याविषयी जे काय मत व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलेलं आहे. माझ्याविषयीचं मी विचारलेलं नाही. निवृत्तीनंतर आईच्या कपाटात मिळालेलं एक पाकीट घेऊन ती मंडळात आली. थर्मनने भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"बाई, हा ठसा नाही. कॉफीचा डाग आहे."

"भिंग पुसून बघ."

"दुधाची कॉफी आहे, एवढंसुद्धा दिसतंय मला."

डाग कॉफीचाच होता. सगळ्यांनी पाहिला. पण तळघरातली माणसं हसली, आणि अर्डिसच्या बसमध्ये कोणी तिला हसायची पद्धत नव्हती. ती घरी गेली आणि रागारागाने ठसे शिकली. लोक छंद म्हणून शिकतात, ही सूड म्हणून शिकली, त्यामुळे लवकर शिकली. काही वर्षांत मंडळात थर्मनच्या खालोखाल तिचं नाव झालं. ते 'खालोखाल' तिला फार टोचायचं.

मग रीतसर युद्धच सुरू झालं. चर्चच्या दाराजवळची सावलीतली जागा थर्मनच्या गाडीची, म्हणून अर्डिस मुद्दाम लवकर येऊन तिथे गाडी लावायची. थर्मन मग तिच्या गाडीला चिकटून अशी लावायचा की तिला शेजारच्या दारातून आत शिरावं लागे. थर्मनच्या कवळीत अक्रोड अडकतात, तर अर्डिस दर बैठकीला वड्या करून आणायची आणि प्रत्येक वडीत अक्रोड. ही कवळी केली होती मर्ल फॉसबर्गने. मर्ल आमचा अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर त्याने लोकांना तोंड उघडायला सांगितलं, आता कोणी तोंड उघडलं की त्याला घाम फुटतो.

"अर्डिस, एखाद वेळी बिनअक्रोडाच्या आणल्या तर?" तो एकदा चाचरत म्हणाला.

"तुझी कवळी चांगली असती तर अक्रोडाने काय बिघडलं असतं?" अर्डिस म्हणाली. एका वाक्यात दोघं गार.

या सगळ्याच्या मुळाशी होती नऊ नंबरची गाडी.

त्याचं असं आहे. आमच्या फाट्यावर रोज दोन गाड्या धावायच्या. पाच नंबरची पश्चिमेला, म्हणजे कॅरिकहून आमच्याकडे. सहा नंबरची उलट, पूर्वेला. विषम नंबर पश्चिमेचे, सम नंबर पूर्वेचे, हा नियमच. १९११च्या मे महिन्यात दक्षिणेकडचा एक पूल वाहून गेला आणि काही दिवस आमच्या मार्गावरून रात्रीची एक जादा गाडी पश्चिमेला सोडली. ती नऊ नंबरची. गाडी धावली याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की तिला टपालाचा डबा होता की नव्हता. कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि पाहिलेला माणूस उरलेला नाही.

थर्मनला एका शेतावरच्या लिलावात बुटांच्या खोक्यात एक पाकीट सापडलं. लोन एल्मच्या बियाणेवाल्याच्या नावाने आलेलं. ठसा असा स्वच्छ, की जणू त्या दिवशी गाडी हललीच नव्हती. कॅरिक आणि लोन एल्म. नऊ मे. गाडी नंबर नऊ. थर्मनने मागे लिहिलं: 'गाडी ९, खात्रीने. टी. के.' आणि ओहायोला कळवलं. ओहायोत रेल्वेच्या ठशांची मोठी सूची निघते. तिच्यात प्रत्येक ठशापुढे तो कळवणाऱ्याची आद्याक्षरं छापतात. पैसे नाहीत, पदक नाही, फक्त दोन अक्षरं. पण या दोन अक्षरांसाठी ही माणसं काय करतील सांगता येत नाही. पुढच्या आवृत्तीत छापून आलं: 'गाडी नऊ. एकच पाकीट. टी. के.' काळाच्या पोटात गेलेला एक आख्खा टपालाचा डबा थर्मनने एकट्याने ओढून बाहेर काढला होता. प्रदर्शनात तो त्या काचेशेजारी हात मागे बांधून उभा राहायचा, आणि कोणी वाकून बघायला लागलं की म्हणायचा, "श्वास तिकडे सोडा."

आमचा इंग्रजी सहाचा आकडा उलटा बसवला की नऊ होतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. कुजबुज व्हायचीच. कारकुनाने झोपेत सहाचा खिळा, म्हणजे शिक्क्यात बसवायचा आकड्याचा सुटा तुकडा, उलटा बसवला असेल, गाडी आपली नेहमीची सहा नंबरची असेल. थर्मनचं उत्तर तयार असे.

"त्या शिक्क्यात 'गाडी' ही अक्षरं आणि नंबर मिळून एकच खिळा होता. सहा उलटा बसला असता तर शेजारची अक्षरंही डोक्यावर उभी राहिली असती. राहिलीत का? भिंग देऊ?"

शिक्का कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे पुढे कोणाला बोलता येत नव्हतं. थर्मनने तरी कुठे पाहिला होता? पण हे विचारायचं कोणी?

गेल्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, अर्डिस बैठकीला उशिरा आली. सावलीची जागा तिने थर्मनला सोडली होती. तिथेच मला शंका यायला हवी होती. हातात वड्यांचं ताट नव्हतं. भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने टेबलावर ठेवलं.

"लुडविग पाल्म," ती म्हणाली. "नाव ऐकलंय का रे, थर्मन?"

"आपल्या मार्गावरचा कारकून. एकोणीसशे सात ते चौदा. डाव्या हाताने शिक्का मारायचा."

"बरोबर. त्याची पणती कॅरिकला असते. सहावीपर्यंत माझ्या बसमध्ये होती, मागच्या बाकावर, रडकी. आता गॅरेज रिकामं करत्येय. मला फोन आला."

तिने फडकं उलगडलं. आत पितळी शिक्का होता, लाकडी मुठीचा, आणि एक चपटा लाकडी डबा. पाल्मने तो नोकरी सोडताना परत करायला हवा होता, पण तेव्हाही लोक आपल्यासारखेच होते. डब्यात भोकं कोरलेली आणि प्रत्येक भोकात एकेक खिळा बसवलेला. बारा महिन्यांचे बारा. तारखांचे एकतीस. आणि अगदी खाली, वेगळे, दोन.

आमच्याकडच्या चर्चांच्या रीतीने अंडं घालून उकळलेली कॉफी स्टोव्हवर गदगदत होती, तेवढाच आवाज.

"हे दोन गाडीचे नंबर," अर्डिस म्हणाली. "पाच आणि सहा. नुसते आकडे, थर्मन. अक्षरं शिक्क्यातच कोरलेली आहेत, ही बघ. आकडा वेगळा बसतो. हवा तर सुलटा, हवा तर उलटा."

थर्मनने डबा ओढून घेतला. भिंग लावलं. नाकातून आवाज आला नाही.

"नऊचा खिळा हरवला असेल," तो म्हणाला.

"भोकं मोज. गाडीच्या नंबरांना दोनच भोकं आहेत. दोन्ही भरलेली."

"जादा गाडीसाठी वेगळा खिळा कशाला देतील? तारखांतला नऊ घातला असेल त्याने."

हे मात्र बिनतोड होतं. तारखांमध्ये नऊचा खिळा होताच. मर्लने सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, सुटला म्हातारा. अर्डिस मात्र या वाक्याची वाट बघत असल्यासारखी खुर्चीत मागे टेकली.

"तुझ्या पाकिटावर तारीख कोणती आहे रे?"

थर्मनने भिंग पुसायला घेतलं.

"मी सांगू? नऊ मे. डब्यात तारखेचा नऊ एकच. तो तारखेच्या जागी बसलेला. मग गाडीच्या जागी दुसरा नऊ कुठून आला? आकाशातून?"

"पत्र लोन एल्मचं आहे," थर्मन म्हणाला. आवाज चढला होता. "सहा नंबरची गाडी लोन एल्मपासून लांब जाते. इकडचं पत्र तिकडच्या गाडीत कोण टाकेल?"

"घाईतला माणूस टाकेल! मधल्या स्टेशनवर जी गाडी उभी असेल तिच्या टपालाच्या डब्याच्या फटीत लोक पत्र सरकवायचे. कॅरिकला गेलं, दुसऱ्या दिवशी पाच नंबरने परत आलं. तुझ्याच पाकिटाच्या मागे आपल्या पोस्टाचा दहा तारखेचा ठसा आहे. की तोही कॉफीचा डाग?"

कॉफीचा डाग तिने इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. तळघरातली माणसं हसली नाहीत. हसायला तेव्हा धैर्य लागलं असतं.

"खिळे तू इकडचे तिकडे केले असशील," थर्मन म्हणाला.

"थर्मन!" मर्ल म्हणाला.

"असू दे, असू दे," अर्डिस म्हणाली. "चोर म्हण मला. आता शाई आण, मर्ल."

तिने सहाचा खिळा चिमट्याने उचलला, उलटा करून शिक्क्यात बसवला, तारखेत नऊ मे घातली आणि चर्चच्या जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर शिक्का हाणला. बसचा ब्रेक दाबावा तसा. ठसा उठला: कॅरिक आणि लोन एल्म, नऊ मे, गाडी नंबर नऊ.

यावरही थर्मन भांडला असता. पण एक गोष्ट होती, आणि ती त्याची त्यानेच करून ठेवली होती. आपल्या त्या प्रसिद्ध नऊच्या डोक्यावर एक बारीकशी खोच आहे, नखाने टोचल्यासारखी, असं त्याने स्वतः मंडळाच्या पत्रिकेत लिहिलं होतं. हीच खऱ्या नऊची खूण, कोणी नकली पाकीट आणलं तर यावरून पकडा, असं वर बजावलंही होतं. अर्डिसने तो लेख आणला नव्हता. गरजच नव्हती, आमच्या सगळ्यांच्या तो पाठ होता. तिने पत्रकावरच्या ओल्या ठशाकडे बोट केलं.

थर्मन वाकला. भिंगातून तो किती वेळ बघत होता ते मी सांगू शकत नाही, पण स्टोव्हवरची कॉफी उतू गेली आणि ती उतरवायला कोणी उठलं नाही. उलट्या सहाच्या पोटावर, म्हणजे नऊच्या डोक्यावर, बारीकशी खोच होती. नखाने टोचल्यासारखी.

शेवटी तो सरळ झाला.

"शाई जास्त झाली," तो म्हणाला. टोपी घातली आणि जिना चढून गेला.

अर्डिसने त्या दिवशी घरी जायची घाई केली नाही. तिने गाडीतून वड्यांचं ताट आणलं. आणलेलं होतंच, नंतरसाठी ठेवलं होतं. त्यांतही अक्रोड होते, पण आता कोणासाठी कळेना.

"ओहायोला मी कळवणार," ती मर्लला म्हणाली. "सावकाश. व्यवस्थित. माझा भाचा डेव्हनपोर्टला फोटोग्राफर आहे, त्याच्याकडून डब्याचे, खिळ्यांचे चांगले फोटो काढून घेते. तो ईस्टरला येणार आहे. गाडी नऊ रद्द, आणि पुढे ए. एच. मोठ्या अक्षरांत नाही छापत का ते?"

"सगळी सारखीच असतात," मर्ल म्हणाला.

"बघू."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दुकानात आली आणि एक मोठा खोडरबर घेऊन गेली. गुलाबी, साबणाच्या वडीएवढा.

"भेट द्यायची आहे," ती म्हणाली. "पॅक करून नको. असाच पर्समध्ये ठेवते. सूची छापून आली की सगळ्यांसमोर देईन त्याला. म्हणेन, घे, पुस स्वतःच्या हाताने."

ती तो रबर पर्समध्ये घेऊन आख्खा वसंत फिरली. किराणा घेताना पाकीट काढायला पर्स उघडली की तो आधी बाहेर यायचा, आणि आला की तिचा चेहरा उजळायचा. एखादी बाई नातवाचा फोटो दाखवते तशी ती तो रबर दाखवायची. मीच तिला विकलेला होता तरी मला दोनदा दाखवला.

थर्मन तेवढे दिवस बैठकीला आला नाही. गावात कोणी म्हणालं आजारी आहे, कोणी म्हणालं ॲरिझोनाला गेला. ॲरिझोनाचं ऐकून आम्ही खरंच काळजीत पडलो. तो घरीच होता. एकदा दुकानात आला, पेन्सिल घेतली, चाकू काढला, रबर कापला, तुकडा माझ्यापुढे सारला. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "तू बोलू नकोस. तुझं गणित मला माहीत आहे."

ईस्टरला भाचा आला. फोटो निघाले. अर्डिसने छान अक्षरात पत्र लिहिलं, फोटो जोडले, आणि तिच्या भाषेत सांगायचं तर 'शवपेटी खिळे ठोकून' ओहायोला पाठवली. मग आम्ही सगळे सूचीच्या उन्हाळी पुरवणीची वाट बघायला लागलो.

पुरवणी आली त्या मंगळवारी तळघरात एकही खुर्ची रिकामी नव्हती. थर्मनही आला होता. नेहमीच्या जागी, हात छातीशी बांधून, समोर प्लास्टिकच्या कव्हरात ते पाकीट. अर्डिस त्याच्यासमोर बसली. पर्स मांडीवर, पर्सची चेन उघडी.

मर्लने चष्मा लावला, पान काढलं आणि वाचायला लागला.

"कॅरिक आणि लोन एल्म. गाडी नऊ. नोंद रद्द. हा उलटा बसलेला सहा आहे. कळवणारा..."

तो थांबला.

"वाच की," अर्डिस म्हणाली.

"कळवणारा, टी. के."

"काय?"

"अजून आहे." मर्लच्या कपाळावर घाम आला होता. "नवी नोंद. गाडी सहा, आकडा उलटा. एकच पाकीट. टी. के."

अर्डिसने पुरवणी हिसकावून घेतली. वाचली. पान उलटून मागे बघितलं, जणू तिची अक्षरं तिकडे पडली असतील.

"ही चोरी आहे!" ती ओरडली. "शिक्का माझा! डबा माझा! मी शोधून काढलं! तू केव्हा लिहिलंस रे हे?"

"त्याच दिवशी. इथून थेट घरी गेलो आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात. तुझ्यासारखा फोटोग्राफरची वाट बघत बसलो नाही."

"माझा शोध तू स्वतःच्या नावावर घातलास!"

"मी माझी चूक कळवली," थर्मन म्हणाला. "ती माझी होती. तुझ्या चुका तू कळव. पुष्कळ आहेत, पुरवणी भरेल."

"तुझी चूक मी दाखवली म्हणून तुला कळली!"

"डॉक्टरने दाखवली म्हणून मूळव्याध त्याची होत नाही."

कोणीतरी हसलं. मीच असेन. अर्डिसने माझ्याकडे बघितलं, तिचं ते बसच्या आरशातलं बघणं, आणि मी पुन्हा दुसरीत गेलो.

खरं सांगायचं तर दोघांत बरोबर कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यात एकदाही न पुसणाऱ्या माणसाने आपली सगळ्यात मोठी गोष्ट स्वतःच्या हाताने रद्द करून पाठवली होती. ती संध्याकाळ त्याने कशी काढली असेल कोण जाणे. पण मन मोठं होतं म्हणून त्याने हे केलं असं म्हणायला जीभ वळत नाही. अर्डिसची अक्षरं छापून येऊ नयेत म्हणून केलं. आणि अर्डिस तरी? तिने खरं ते शोधलं, त्याच्या मागे अख्खा हिवाळा राबली. पण खरं समोर आलं म्हणून ती खूश होती का? सूचीत आता जे छापलंय ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे. तिला त्याचं काडीचंही समाधान नव्हतं.

"मर्ल, तू अध्यक्ष आहेस," ती म्हणाली. "काहीतरी बोल."

मर्लने तोंड उघडलं, आणि मिटलं.

थर्मनने पाकीट कव्हरातून बाहेर काढलं आणि उलटं केलं. मागच्या कोपऱ्यात ती मुंगीएवढी अक्षरं होती: 'गाडी ९, खात्रीने. टी. के.' त्याने खिशातून पेन्सिल काढली. तिच्या मागच्या टोकाकडे बघितलं. तिथे रबर कापलेला नुसता पत्रा होता. मग त्याने टेबलावरून नजर फिरवली, सावकाश, आणि ती अर्डिसच्या उघड्या पर्सवर थांबली. रबराचं गुलाबी टोक बाहेर डोकावत होतं. गावातल्या प्रत्येकाला त्या रबराविषयी माहीत होतं, तेव्हा त्यालाही असणारच.

"तो रबर दे," थर्मन म्हणाला.

ज्याच्यासाठी अर्डिस आख्खा वसंत रबर घेऊन फिरली होती तो क्षण आपल्या पायांनी चालत आला होता. सगळे समोर होते. थर्मन क्लॉट्झ रबर मागत होता, तोही स्वतःच्या तोंडाने.

अर्डिसने पर्सकडे बघितलं. थर्मनकडे बघितलं. त्याला खरोखरच तो हवा होता, हे तिला दिसलं, आणि तिने चेन ओढून पर्स बंद केली.

"नाही," ती म्हणाली.

"पुसायचंय मला."

"असेल. ज्यांना चुकायचं असतं ते आपला घेऊन येतात."

"अर्डिस, मी मागतोय."

"ऐकू आलं. राहू दे तसंच. खात्रीने आहे ना? राहू दे, खात्रीने."

दुसऱ्या कोणाकडे रबर नव्हता. मला माझी बरणी आठवली, तुकड्यांनी गळ्यापर्यंत भरलेली, पण ती दुकानात होती आणि दुकान बंद होतं. शिवाय असती इथे, तरी त्या दोघांच्या मध्ये हात घालायची माझी छाती नव्हती. ओल्या बोटाने पुसावं तर जुना कागद फाटेल, हे थर्मनला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याने ते पाकीट कव्हरात सरकवून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

म्हणजे आज परिस्थिती अशी आहे. सूचीत गाडी नऊ रद्द आहे. पण ज्या एका पाकिटावरून ती रद्द झाली त्याच्या पाठीवर अजून थर्मनच्या हस्ताक्षरात 'गाडी ९, खात्रीने' असंच लिहिलेलं आहे. घरी जाऊन तो पुसू शकला असता. पुसलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तिच्याकडे रबर आहे. तिला कळत नसेल तर तिची लाज." तो रबर अजून अर्डिसच्या पर्समध्ये आहे, कोपरे काळे पडलेत. त्याला ती कोणाला हात लावू देत नाही.

त्या मंगळवारी कॉफी द्यायची पाळी अर्डिसची होती. ती किटली घेऊन उठली, टेबलाभोवती फिरली, एकेकाचा कप भरत आली, थर्मनचा रिकामा कप ओलांडून पुढे गेली, आणि किटली लांब नेऊन ठेवली. थर्मन उठला, किटलीपर्यंत गेला, स्वतःचा कप स्वतः भरून घेतला आणि जागेवर येऊन एक घोट घेतला.

"पाणचट आहे," तो म्हणाला.

"तुला दिली कोणी?" अर्डिस म्हणाली.